ही कुठली गाडी रे?

आज सकाळी ताईला सोडायला पुणे स्टेशनवर गेलो होतो, बाबाही हट्टाने आले. गुडघ्यांमुळे कोविडनंतर ते स्टेशनात आलेच नव्हते. सात वाजत आलेले, गाडी लागलेली, ताई बॅगा घेऊन पुढे, आणि बाबा समोर बघत शांतपणे म्हणाले, "ही कुठली गाडी रे? आपली क्वीन अजून लागली नाही वाटतं."

क्वीनच होती, मुंबईला जाणारी आपली डेक्कन क्वीन. त्यांच्यासमोर चार फुटांवर उभी होती.

हा माणूस एकवीस वर्षं पास काढून त्या गाडीने गेलाय. लग्नाचा वाढदिवस विसरला पण एक जूनला गाडीचा वाढदिवस कधी विसरला नाही (१९३० चा जन्म, बाबांहून मोठी), केकचा तुकडा रुमालात बांधून आमच्यासाठी आणायचा. त्याला ती ओळखू आली नाही, आणि दोष त्याच्या डोळ्यांचा नाही, मोतीबिंदू काढून झालाय.

रंग बदलल्याचं त्यांनी २०२२ साली पेपरात वाचलं होतं. एलएचबी म्हणजे नव्या बनावटीचे डबे आले, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेने नवीन रंगसंगती केली, हिरवा-लाल आणि मधे पिवळा पट्टा. वाचलं, घडी घालून ठेवलं. पण वाचणं वेगळं आणि प्लॅटफॉर्मवर समोरासमोर उभं राहणं वेगळं ना. त्यांच्या डोक्यात क्वीन म्हणजे निळी-पांढरी आणि त्यावर लाल रेघ. विषय संपला.

आमच्या घरात त्या निळ्या रंगाची एक गोष्ट आहे. १९९६ चं साल असेल. गाडीचे डबे नुकतेच रंगवून आलेले, बाबा नेहमीसारखे दारात उभे, रंग कुठेतरी ओला राहिलेला, आणि पांढऱ्या शर्टाच्या उजव्या बाहीला कोपरापासून मनगटापर्यंत निळा पट्टा. तसेच ऑफिसात गेले. आईने रॉकेल लावलं, टर्पेंटाइन लावलं, शेवटी नुसत्या शिव्या घातल्या, डाग ढिम्म हलला नाही. मग तो 'क्वीनचा शर्ट' झाला. बाबा तो रविवारी मुद्दाम घालायचे, पासवाल्या मित्रांकडे पत्ते खेळायला जाताना तर हमखास.

आता कोणीतरी लगेच लिहिणारच, की अरे बाबा निळी-पांढरी तरी कुठे मूळची होती? माहितीये. सुरुवातीला दोन रेक (डब्यांचे संच) होते, एक चंदेरी आणि त्यावर लाल कड, दुसरा गडद निळा आणि त्यावर सोनेरी रेघा. १९६६ ला चेन्नईच्या पेरांबूर कारखान्याचे डबे आले तेव्हाही कोणीतरी म्हातारा असाच हळहळला असेल. आणि एलएचबी डबे अपघातात एकमेकांवर चढत नाहीत, तेही मान्य. जीव वाचत असतील तर डबे हजारदा बदला. पण डबा बदलला म्हणून रंग बदलायलाच हवा असा काही नियम आहे का? तोच निळा नव्या डब्यावर मारता आला नसता?

माझा राग बदलावर नाहीच. कामासाठी रंग बदलला तर कोण नाही म्हणेल? आपल्या लहानपणी सगळ्या गाड्या विटकरी होत्या, मग निळ्या झाल्या, कारण व्हॅक्यूम ब्रेक जाऊन एअर ब्रेक आले आणि कुठला डबा कुठला हे यार्डातल्या माणसाला लांबून कळायला हवं होतं. मुंबईच्या लोकलला लाल-पिवळे तिरके पट्टे दिसले की फर्स्ट क्लास, हिरवे दिसले की लेडीज. गाडी धडधडत आत येत असताना बायका त्या पट्ट्यावर नजर ठेवून पावलं सरकवतात. याला म्हणतात रंग. तो वाचता येतो, त्याच्या भरवशावर माणूस धावतो.

आणि आता? दर दोन-तीन वर्षांनी नवीन टूम. २०१८ ला बदामी-तपकिरी आले, एलएचबी सरसकट लाल-करडे, वंदे भारत आधी पांढरी (आपल्या धुळीत आणि पावसाळ्यात पांढरी! कोणाची आयडिया ही?) मग २०२३ पासून भगवी-करडी. कोणीतरी एसी खोलीत स्क्रीनवर चकाचक चित्र बघतो आणि ओके म्हणतो. गाडी रोज बघणार कोण? फाटकात स्कूटर बंद करून उभा असलेला, खंडाळ्याच्या घाटात गुरं वळणारा, रुळालगतच्या गॅलरीत दात घासणारा. त्यांना कधी कोणी विचारलंय? माझी आजी खडकीच्या गॅलरीतून निळं-पांढरं काही सर्रकन गेलं की म्हणायची, "गेला गं तुझा नवरा," आणि आई कुकर लावायची. घड्याळ लागायचं नाही.

बरं, एक कबूल करतो, नाइलाजाने. क्वीनला निदान स्वतःचा वेगळा रंग तरी दिला, बाकीच्यांसारखी लाल-करडी करून टाकली नाही. डायनिंग कारही ठेवली. चीज टोस्ट आहे म्हणे अजून. उपकार झाले.

मघाशी टाइप करायला बसलो तेव्हा फार तापलो होतो, आता जरा उतरलंय. कारण पुढचं सांगायचं राहिलंच. बाबा डब्याजवळ गेले, नावाची पाटी वाचली, दोनदा वाचली, मग उजवा हात वर करून पत्र्यावरून कोपरापासून मनगटापर्यंत बाही घासली. मुद्दाम. मग बाही उलटी करून बघितली. काही नाही, स्वच्छ. माझ्याकडे बघून थोडंसं हसले. सव्वासातला गाडी हलली तेव्हा घड्याळ बघून म्हणाले, "वेळेवर सुटली हं." परत येताना रिक्षात एक शब्द बोलले नाहीत.

घरी आल्यावर आईला विचारलं, तो शर्ट आहे का गं अजून कुठे? ती म्हणाली, "आहे की, माळ्यावरच्या ट्रंका पुसायला ठेवलाय. कापड विरलं सगळं, बाही तेवढी राहिलीये."

उद्या स्टूल घेऊन काढतो. सापडला तर फोटो टाकतो.