‘एव्हरीवन’ला सगळं देऊन टाका म्हणे!

परवा रात्री दहाला खानापूरहून मामांचा फोन. “अरे, कॉम्प्युटर चालू होतोय, पण खालचं ते विंडोजचं बटण दाबलं की काहीच येईना.” काय केलंत म्हणून विचारलं, तर म्हणाले, “काही नाही रे, ग्रुपवर आलं होतं तसं केलं की.” मामांचं ‘काही नाही रे’ ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. ‘फाइल उघडताना ॲक्सेस डिनाईड (म्हणजे परवानगी नाही) येतंय? दुकानदाराला पैसे देऊ नका’ अशी सुरुवात आणि पुढे सहा उपाय. पूर्ण सी ड्राइव्हवर ‘एव्हरीवन’ या नावाला फुल कंट्रोल द्या. परवानगी विचारणारी खिडकी कायमची बंद करा. अँटिव्हायरस काढून टाका. फोल्डरवरची ‘रीड ओन्ली’ची खूण काढा. विंडोजऐवजी लिनक्स असेल तर सगळ्या फाइलींना ७७७ हा परवानगीचा आकडा द्या. एवढं करूनही नाही जमलं तर फॉरमॅट मारा. आणि अर्थात, दहा ग्रुपांना पाठवा. मला तो तीन ग्रुपांतून आला, त्यातला एक भजनी मंडळाचा.

मामांची अडचण मुळात एवढीशी होती. गेल्या महिन्यात त्यांनी मशीनला नवी डिस्क बसवून तिच्यावर नवी विंडोज घालून घेतली आणि जुनी डिस्क आत तशीच ठेवली. त्या जुन्या डिस्कवर गावच्या लक्ष्मी यात्रेचे फोटो. आमच्याकडे ही यात्रा वर्षानुवर्षांनी भरते, त्यामुळे फोटो गेले तर पुन्हा काढायची सोय नाही. फोल्डर उघडायला गेले तर विंडोज म्हणाली, तुम्हाला सध्या परवानगी नाही, कायमची हवी असेल तर ‘कंटिन्यू’ दाबा. ‘कायमची’ या शब्दाला मामा घाबरले. आणि अख्खा सी ड्राइव्ह गावाला वाटताना मात्र घाबरले नाहीत! बरं, फोटो होते ई ड्राइव्हवर, म्हणजे जुन्या डिस्कवर. नव्या विंडोजच्या सी ड्राइव्हचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता.

आता हा पहिला उपाय नीट बघू, कारण खरा घात तिथे आहे.

विंडोज फाइलीचा मालक नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला आतून एक लांबलचक क्रमांक असतो आणि फाइलीवर तो क्रमांक लिहिलेला असतो. जुन्या विंडोजमधलं मामांचं खातं आणि नव्या विंडोजमधलं मामांचं खातं, दोन्हींचं नाव एकच, पण क्रमांक वेगळे. एका गावात एकाच नावाचे दोघे असावेत तसं. तलाठ्याकडे जाऊन ‘मी तोच’ म्हटल्याने काम होत नाही, उताऱ्यावर नाव चढवून घ्यावं लागतं. तेही ज्या सर्व्हे नंबरचा प्रश्न आहे त्याच्यापुरतं. वारसा लावायचा राहिला म्हणून अख्ख्या गावाची जमीन गायरान करा, असं कुणी सांगितलं तर त्याला आपण हुशार म्हणू का? हा मेसेज नेमकं तेच सांगतोय.

‘एव्हरीवन’मध्ये कोण येतं? तुम्ही, घरातली पोरं, पाहुण्यांसाठी ठेवलेलं गेस्ट खातं, आणि त्यातल्या कुणाच्याही हातून चालू झालेला कुठलाही प्रोग्रॅम. एरवी विंडोजच्या स्वतःच्या बहुतेक फाइलींची मालकी ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ नावाच्या वेगळ्याच खात्याकडे असते. ॲडमिनिस्ट्रेटरलाही त्या सहज बदलता येऊ नयेत, म्हणूनच ती व्यवस्था आहे.

यावर मामांचा प्रश्न, “आपल्या घरच्या कॉम्प्युटरात कोण येणार चोरी करायला?” तर ऐका. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं खंडणीखोर व्हायरस जगभर पसरलं. इंग्लंडमधल्या इस्पितळांतले कॉम्प्युटरसुद्धा त्याने बंद पाडले. सुरक्षेचं काम करणाऱ्यांनी ते उलगडून बघितलं, तेव्हा त्याच्या अगदी सुरुवातीच्या कामांत एक हुकूम सापडला: ज्या फोल्डरात उतरलोय तिथल्या सगळ्या फाइलींवर ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल द्या. जे काम व्हायरसला स्वतः करावं लागतं, ते या मेसेजने आपल्या हातून करून घेतलं, आणि एका फोल्डरवर नाही, पूर्ण सी ड्राइव्हवर. तेही सकाळी सकाळी सुप्रभातच्या फुलांसोबत.

मामांनी ते सुरू केलं तेव्हा मधेमधे ‘सुरक्षा माहिती लावता आली नाही’ अशा चुका येत होत्या. मामा दर वेळी कंटिन्यू दाबत राहिले (इथे भीती वाटली नाही!). शेवटी कंटाळून मधेच बंद केलं. म्हणजे अर्ध्या फाइलींना एक नियम, अर्ध्यांना दुसरा. स्टार्ट मेन्यू गेला, दोन-तीन प्रोग्रॅम उघडेनात. आणि यात्रेचे फोटो? ते होते तिथेच, बंद.

रविवारी बेळगावहून सकाळच्या गाडीने गेलो. आधी जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली, म्हणजे पुढच्या गोंधळात फोटोंना धक्का नको. मग विंडोजमधला ‘रीसेट धिस पीसी’ घेऊन ‘कीप माय फाइल्स’ निवडलं. त्यात आपल्या फाइली राहतात, पण वरून घातलेले प्रोग्रॅम जातात. दुपार त्यातच गेली. मामींनी दोनदा जेवायला हाक मारली.

मग जुनी डिस्क जोडली आणि त्या फोल्डरवर ‘कंटिन्यू’ दाबलं. बस्स, उघडला. आतला एक उपफोल्डर तरी अडला, तर त्याच्यावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. वर ओनरपुढे ‘चेंज’ असतं, तिथे मामांचं नाव घातलं, खालची ‘आतल्या सगळ्यांचाही मालक बदला’ ही चौकट टिक केली, ओके. पुन्हा आत जाऊन मामांच्या नावाला फुल कंट्रोल दिला. पाच मिनिटं. फक्त त्या फोल्डरला, फक्त मामांना.

बाकीचे उपाय भराभर.

परवानगी विचारणारी खिडकी: ती व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून आहे आणि तेव्हापासूनच लोक तिच्यावर वैतागलेत. मीही. पण एखादा प्रोग्रॅम सिस्टिममध्ये हात घालणार असेल तर निदान विचारतो तरी, एवढ्यासाठी ती हवी. शिवाय ती बंद केल्याने वेगळ्या खाते-क्रमांकाच्या मालकीची फाइल आपली होत नाही.

रीड ओन्लीची खूण: हे नुसतं हास्यास्पद. फोल्डरवरची ती खूण काढली तरी पुन्हा आलेली दिसते आणि लोक तासन्‌तास तिच्याशी झटत बसतात. मायक्रोसॉफ्टच्याच मदतीच्या पानावर लिहिलंय की फोल्डरच्या बाबतीत ती अडवण्यासाठी नसतेच, फोल्डर खास सजवलेला आहे का हे ओळखायला एक्सप्लोरर (विंडोजमधला फोल्डर दाखवणारा प्रोग्रॅम) ती वापरतो. फाइलीवरची खूण मात्र खरी असते.

लिनक्स: चार म्हणजे वाचणे, दोन लिहिणे, एक चालवणे. बेरीज सात. मालक, गट आणि इतर, तिघांनाही सगळं दिलं की ७७७. रूटपासून, म्हणजे सगळ्यांत वरच्या फोल्डरापासून, खाली सगळीकडे हे केलं की ‘सूडो’वरची (ॲडमिनच्या अधिकाराने हुकूम चालवायची आज्ञा) खास खूणही पुसली जाते आणि सूडो चालायचंच नाकारतं. म्हणजे ज्या हत्याराने दुरुस्ती करायची तेच आधी मोडायचं. आपल्या होम फोल्डरची मालकी आपल्या नावावर करून घेतली की घरगुती अडचणी बहुतेक मिटतात.

अँटिव्हायरस: इथे थोडं मान्य करावं लागेल. विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसमध्ये, म्हणजे डिफेंडरमध्ये, २०१७ पासून एक सोय आहे. ती चालू केलेली असेल तर अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांत खरंच लिहू देत नाही. मेसेज लिहिणाऱ्याला कधीतरी तोच अनुभव आला असावा. पण मग त्या एका प्रोग्रॅमला परवानगी द्यायची. पूर्ण पहाराच कशाला काढायचा? आणि दुकानात जायची गरज नाही, हेही खरं. पण त्या मेसेजच्या वाटेने गेलात तर नक्की लागेल.

राहता राहिला फॉरमॅट. मामांची भानगड सुरू कशाने झाली? नव्या विंडोजने. नवं खातं, नवा क्रमांक, म्हणून जुन्या फाइली परक्या. आता पुन्हा फॉरमॅट मारला की पुन्हा नवा क्रमांक. आणि घाईत चुकून जुनीच डिस्क निवडली गेली तर परवानगी मागायला फोटोच उरणार नाहीत.

हे सगळं मी तिन्ही ग्रुपांवर लिहिलं. दोन ठिकाणी अंगठा मिळाला. भजनी मंडळात एकाने लिहिलं, “आम्ही करून बघितलं, काही झालं नाही की.”

मामांचे फोटो आता दोन पेन ड्राइव्हवर उतरवलेत, एक मामींच्या कपाटात आहे. पण रीसेटमध्ये मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर गेलं. त्यात टाइप केलेले मंडळाचे अभंग आता नुसत्या इंग्रजी अक्षरांचा काला दिसतात. सीडी माळ्यावर शोधली, सापडली नाही. खानापूरकडे कुणाकडे जुनी सीडी असेल तर कळवा, मामा रोज विचारताहेत.