माइल्स ‘रद्दी’ होणार म्हणे!

रविवारी रात्री साडेअकराला मावशीचा फोन. एवढ्या रात्री तिचं नाव स्क्रीनवर दिसलं की पोटात गोळा येतो. पण स्वारी खुशीत होती. “अरे, वेळेत झालं बाई सगळं! दोन्ही क्रेडिट कार्डांचे पॉइंट्स वळवून टाकले.” कुठे, कशासाठी, असं विचारल्यावर तिने तो फॉरवर्ड पाठवला. त्या आठवड्यात तो मला चार ग्रुपवर आला होता आणि मी न वाचता पुढे सरकलो होतो. चूक माझीही आहेच.

फॉरवर्ड थोडक्यात असा: एका विमान कंपनीच्या माइल्स योजनेत (माइल्स म्हणजे विमान कंपनीचे पॉइंट्स) पुढच्या महिन्यापासून अवॉर्ड तिकिटांचे, म्हणजे माइल्स देऊन घ्यायच्या तिकिटांचे, दर वाढणार. जुने माइल्स रद्दी होणार. म्हणून कार्डावरचे सगळे पॉइंट्स आजच माइल्समध्ये वळवा, कमी पडले तर विकत घ्या, मिळेल ते तिकीट काढून ठेवा, तारीख काय नंतरही बदलता येते. आणि कंपनीने ऐकलं नाही तर कोर्टात खेचा, कारण आधी कमावलेल्या माइल्सना जुनाच दर लावणं बंधनकारक आहे. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

‘रद्दी’चा हिशेब आधी करू. समजा, १,००,००० माइल्सचं तिकीट १,१५,००० झालं. तर तुमच्या माइल्सची किंमत साधारण १३ टक्क्यांनी घटली. वाईट आहे, पण याला रद्दी म्हणत नाहीत. शिवाय दर सगळीकडे सारखे वाढतातच असं नाही. बऱ्याचदा लांबच्या प्रवासाच्या बिझनेस क्लासला मोठा दणका बसतो आणि जवळच्या इकॉनॉमीला किरकोळ.

आता ते पॉइंट्स वळवण्याचं. या एका वाक्यावर माझं डोकं फिरलंय. ज्या भांड्याला पुढच्या महिन्यात भोक पडणार असं तुम्हीच सांगताय, त्याच भांड्यात घरातलं उरलेलं पाणी ओतायचं? कार्डाचे पॉइंट्स कार्डावर असतात तोवर तुमच्या हातात चार पर्याय असतात: ही एअरलाइन, ती एअरलाइन, हॉटेल, नाहीतर नुसतेच ठेवा. एकदा माइल्स झाले की संपलं. मावशीला मी ती स्क्रीन पुन्हा उघडायला लावली. ‘पुष्टी करा’च्या बटणावरच बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हा व्यवहार परत फिरवता येणार नाही. तिने दोनदा टिक केली होती, दोन कार्डं होती ना. वर आता त्या माइल्सना त्या योजनेची बाद होण्याची मुदत लागली. आणि ते लगेच जमा होतात असंही नाही, काही कार्डांना दिवस लागतात, तोवर माइल्सवर मिळणारी जागा जाते. म्हणून क्रम उलटा हवा: आधी जागा बघायची, मग पॉइंट्स हलवायचे. “पण जायचंय कुठे?” मी विचारलं. “ते ठरवू रे सावकाश.”

कोर्टाचं म्हणाल तर हा खटला होऊन गेलाय. अमेरिकन एअरलाइन्सने १९८८ मध्ये आपल्या योजनेचे नियम बदलले. जागांवर मर्यादा घातल्या, काही तारखा बंद केल्या, आणि हे सगळं आधी कमावलेल्या माइल्सनाही लावलं. सभासद भांडत थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १९९५ च्या निकालात न्यायालय म्हणालं की राज्याच्या ग्राहक कायद्याखाली हा दावा चालणार नाही, करारभंगाचा दावा मात्र करता येईल. आता करार म्हणजे काय? आपण न वाचता मान्य केलेल्या अटी. आणि नियम बदलण्याचा हक्क कंपनीने त्यातच राखून ठेवलेला असतो. इतर देशांत कायदे वेगळे असतील, पण ‘जुनाच दर बंधनकारक’ असं छातीठोक सांगणाऱ्याने कलम तरी द्यावं. बरं, ‘जुना दर’ असायला दरपत्रक तरी हवं ना! अमेरिकेतल्या डेल्टा एअरलाइन्सने ते २०१५ मध्ये काढून टाकलं, युनायटेड एअरलाइन्सने २०१९ मध्ये.

मिळेल ते तिकीट काढा म्हणे. बदलाच्या आधी काढलेलं तिकीट सहसा जुन्या दरातच राहतं, हे खरं. पण नंतर तारीख बदलायला गेलात की अनेक योजना नव्या दराने फरक मागतात, वर शुल्क. वेटिंगवर नाव लावलं म्हणजे तिकीट झालं, असंही समजू नका.

विकत घेणं? स्क्रीनवर जागा दिसतेय आणि दोन-तीन हजार माइल्स कमी पडताहेत, तरच.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य. माइल्स साठवून ते वाढत नाहीत, आणि दर वाढण्याची तारीख खरी आहे. जायचं ठरलंय, रजा मिळालीय, जागा दिसतेय, तर त्या तारखेच्या आत तिकीट काढाच. बऱ्याच कंपन्यांचं बुकिंग साधारण अकरा महिने आधी उघडतं, त्यामुळे पुढच्या वर्षीचा प्रवासही त्यात बसू शकतो.

मावशीचे माइल्स बुधवारी जमा झाले. तेव्हापासून ती आणि काका रोज रात्री नकाशा उघडून बसतात. एवढ्या माइल्समध्ये दोघांना एकाच विमानात जागा असलेलं एकच ठिकाण सापडलंय, आणि तेही ऐन गोठवणाऱ्या थंडीतलं. काल तिचा पुन्हा फोन आला. “अरे, एकावर एक दोन स्वेटर घातले तर चालतील ना तिथे?”