ताप उतरला म्हणून डेंग्यू संपला?

दर पावसाळ्यात उगवणारा ‘डेंग्यूला घाबरू नका, प्लेटलेट सांभाळा’ हा संदेश यंदा आमच्या वहिनीच्या फोनवर पोचला. पुतण्याचा ताप उतरला होता, म्हणून तिने दुसऱ्या दिवशीची रक्ततपासणी परस्पर रद्दही करून टाकली. आता गप्प कसं बसणार? त्या संदेशातला एकेक दावा बघू.

‘ताप उतरला की धोका टळला’ म्हणे! डेंग्यूत खरी काळजी तिथूनच सुरू होते. ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी उतरतो आणि पुढचे २४ ते ४८ तास जपायचे असतात. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपतो, रक्त दाट होतं, बीपी कोसळू शकतो. प्लेटलेटच्या आकड्यावरून हे कळत नाही. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीच्या, त्याच कागदावर ‘पीसीव्ही’ किंवा ‘हिमॅटोक्रिट’ अशी ओळ असते. रक्तात लाल पेशी किती टक्के, म्हणजे रक्त किती दाट, ते ती सांगते, पण तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. हा आकडा काल ३८ होता, आज ४६ झाला आणि प्लेटलेट उतरताहेत, तर ताप नसला तरी ताबडतोब डॉक्टर गाठा. पोट सतत दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, हिरड्यांतून रक्त, यांतलं काहीही दिसलं तर रिपोर्टचीही वाट बघू नका.

‘प्लेटलेट १ लाखाखाली गेल्या की बाटली चढवा.’ कशाला? रक्तस्राव नसेल तर आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही १० हजारांखालीच तो विचार करायला सांगतात. सिंगापूर-मलेशियात २० हजार किंवा त्याहून कमी प्लेटलेट असलेल्या ३७२ प्रौढ रुग्णांवर चाचणी झाली. ती २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. रक्तस्राव होऊ नये म्हणून आधीच प्लेटलेट चढवून तो काही टळला नाही, उलट त्रास मात्र जास्त झाला.

पपईच्या पानांचा रस? बरं, काही छोट्या अभ्यासांत प्लेटलेट थोड्या लवकर वाढलेल्या दिसल्या, एवढं मान्य. पण त्या आपोआपही वाढतातच, आणि रसाने जीव वाचतो असं सिद्ध झालेलं नाही. वर त्या कडू रसाने उलट्या झाल्या तर पोटात पाणी कसं टिकणार?

‘पांढऱ्या पेशी घटल्या म्हणजे रक्ताचा कॅन्सर’ हा तर कहर! डेंग्यूत त्या घटतातच, बहुतेकदा प्लेटलेटच्या आधी.

अंगदुखीवर सुचवलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकला हात लावू नका, रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल चालेल, तेही मापात. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल, तर ती मात्र स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.