‘टेबलावर बसून’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार साहेब,

कडबा कुट्टीची मोटर काढून त्या जागी पेट्रोल इंजिन बसवण्यावरच्या माझ्या लेखात तुम्हाला तीन चुका सापडल्या. मोटरचीच पुली इंजिनाला चालणार नाही हे ठळक लिहिलं नाही, पुली हातोडीने ठोकायला सांगितली आणि पट्ट्यावरच्या जाळीबद्दल एक ओळ नाही. इथवर ठीक. पण शेवटी ‘टेबलावर बसून लिहिणाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या हातांशी खेळू नये’ असं जे लिहिलंत, ते काही पचलं नाही.

कुठलं टेबल? १९९४ साली दहावी नापास होऊन बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर हेल्पर लागलो, तेव्हा बसायला स्टूलसुद्धा नव्हतं. अकरा वर्षं पुल्या कातल्या. आता खानापूरकडे गावी असतो. तो लेख मोबाईलवर लिहिलाय, गोठ्यात, कडब्याच्या पेंढीवर बसून. शेजारी म्हैस होती, टेबल नव्हतं.

आणि हातांचं मला सांगू नका. माझ्या उजव्या तर्जनीला वरचं पेर नाही. इंजिन बंद होतं, जाळी काढलेली होती, कुट्टीचं चाक हाताने फिरवत मी पट्टा चढवत होतो. प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या वायरीची टोपी मात्र तशीच. चाकाबरोबर इंजिनाचा शाफ्ट फिरला आणि त्याने एकच ठोका दिला. एकच! बोट पट्टा नि पुलीच्या मधे. मिस्त्री धावत आला नि म्हणाला, ‘टोपी काढायला काय झालतं रे?’ म्हणून लेखातली पहिली ओळ ‘आधी प्लगची टोपी काढा’ अशी आहे. ती टेबलावर सुचत नाही.

पुलीचं गणित लेखात आहे, वाचायचे कष्ट घेतले असतेत तर दिसलं असतं. मोटर मिनिटाला साधारण १४४० फेरे फिरते, हे इंजिन पूर्ण रेसवर ३६००. तीच पुली ठेवली तर चाक अडीच पट पळणार, नि पात्यांच्या बोल्टांवरचा ताण सहा पटींच्या वर जाणार. पाती सुटली तर गोठ्याचा पत्रा फाडून जाईल. त्यावर इलाज म्हणजे कुट्टीला मोठी पुली, नाहीतर निम्मे फेरे देणारं गिअरवालं इंजिन. शिवाय थ्री-फेज मोटर दोन वायरी बदलल्या की उलटी फिरते, इंजिन फिरत नाही. बहुतेक इंजिनं शाफ्टच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतात. त्यामुळे कधीकधी इंजिन कुट्टीच्या दुसऱ्या अंगाला बसवावं लागतं. हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठं दिसलं नाही बुवा!

हातोडीचं मान्य. शाफ्टवर ठोका बसला की आतल्या बेअरिंगला मार लागतो. शाफ्ट पॉलिश पेपरने घासून, तेलाचा हात फिरवून पुली हातानेच सरकवावी, मग चावी, म्हणजे पुली नि शाफ्टच्या खाचेत बसणारी लोखंडी पट्टी, घालावी. मी ‘हलकेच ठोकून’ म्हटलं होतं, त्यातलं ‘हलकेच’ तुम्ही गाळलंत. असो. वाक्य बदललंय.

जाळी लावायची असते हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यावर काय लिहायचं?

कधी बेळगावकडे आलात तर जरूर या, कुट्टी चालू करून दाखवतो. फक्त आदल्या दिवशी फोन करा. जाळी रंगवायला म्हणून काढलीय गेल्या महिन्यात, तेवढी बसवून ठेवतो.