दोन पेग मारा आणि झोपा? नको रे बाबा

सध्या एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. विमानाची भीती वाटणारच म्हणे, एअर पॉकेट लागला की विमान हजार फूट खाली पडतं, इंजिन बंद पडलं की दगडासारखं कोसळतं, म्हणून दोन पेग मारायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मी स्वतः कित्येक वर्षं खुर्चीचा हात आवळून प्रवास केलाय, म्हणून हे लिहितोय.

दगडाचं आधी. २००१ साली एअर ट्रान्सॅट कंपनीच्या ए३३० विमानाचं इंधन अटलांटिकवर गळून संपलं, दोन्ही इंजिनं बंद, तरी ते जवळपास १९ मिनिटं तरंगत अझोर्स बेटांवर उतरलं आणि ३०६ च्या ३०६ माणसं वाचली. विमान पंखांवर तोललेलं असतं, इंजिन ते पुढे ढकलतं एवढंच.

आणि हवेत खड्डे नसतात हो, उलटसुलट झोत असतात. बहुतेक वेळा विमान काही फूटच खालीवर होतं, पोटाला मात्र विहिरीत पडल्यासारखं वाटतं. मे २०२४ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सचं विमान भयंकर हादरलं, एक प्रवासी दगावला, बरेच जखमी झाले, ते मी नाकारत नाही, पण तेव्हाही घसरण होती साडेचार सेकंदांत १७८ फूट, हजार नाही. बेल्ट नसलेले लोक छताला आपटले. म्हणून बसल्या जागी बेल्ट कायम, दिवा विझला तरी.

आता पेग. केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावी तशी विरळ असते, त्यात दारू घेतली की छाती आणखी धडधडते आणि घाबरट माणसाला ती धडधडच अटॅक वाटते. वर डोकं एवढंच शिकतं की दारू होती म्हणून वाचलो, मग पुढच्या वेळी तीन.

माझी भीती कमी झाली ती जागं राहून. टेकऑफनंतर जरा वेळाने इंजिनाचा आवाज एकदम उतरतो ना, तिथे मी दरवेळी मरायचो. पायलट मुद्दाम जोर कमी करतो, विमान वर चढतच असतं, पण कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला वाटतं पडतोय. हे कळल्यापासून मी त्या आवाजाची वाटच बघतो. मागच्या वेळी शेजारचे काका घामाघूम झालेले, त्यांना म्हटलं आता आवाज कमी होईल बघा, आणि झाला. काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुम्ही पायलट का?"