वरची दाढ आणि डोळ्याची ‘नस’

गेल्या महिन्यात ओझरकडच्या एक आजी नातवासोबत दवाखान्यात आल्या. वरच्या डाव्या दाढेचं नुसतं खुंट उरलेलं, गाल टम्म सुजलेला. खुर्चीत बसायच्या आधीच नातवाने मोबाइल पुढे केला. “सर, आधी हे वाचा. आजी दाढ काढायला तयारच नाही.”

मेसेज नवा नव्हता. नाशिकला पंचवटीत दातांचा दवाखाना टाकल्यापासून तो मी या ना त्या रूपात ऐकतोय. पूर्वी तोंडी यायचा, आता लाल दिव्यांची चित्रं लावून येतो. मजकूर थोडक्यात असा: वरच्या दातांच्या नसा थेट डोळ्याला जोडलेल्या असतात, म्हणून वरची दाढ काढली की नजर जाते. भुलीचं इंजेक्शन डोळ्याच्या नसेत जातं. पुरावा हवा असेल तर डोळ्याखालची कातडी बधिर होते की नाही ते पाहा. सुळा तर कधीच काढू नये, तो डोळ्याचाच दात. दाढ काढल्यावर चष्मा लागलेली, तोंड वाकडं झालेली, एवढंच काय, डोळा काढावा लागलेली माणसं आहेत. त्यापेक्षा लवंगेचं तेल आणि मशेरी लावा, दाढ आपोआप गळून पडेल. आणि शेवटी ठरलेली ओळ: डॉक्टर लोक हे तुम्हाला सांगणार नाहीत.

सांगतो की. म्हसरूळला १९९८ पासून राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, आणि त्याच दिंडोरी रोडने येणारे पेशंट हा मेसेज घेऊन माझ्याकडे येतात. तेव्हा एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं.

निम्मा घोळ ‘नस’ या शब्दाचा आहे. रक्ताच्या शिरेला आपण नस म्हणतो, मज्जातंतूलाही नसच म्हणतो, आणि मान आखडली तरी ‘नस धरली’ म्हणतो. तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं की दाताची नस आणि डोळ्याची नस सख्ख्या बहिणी वाटायला लागतात.

मेंदूपासून चेहऱ्याकडे आणि खाली जाणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. दिसण्याचं काम दुसऱ्या जोडीचं, म्हणजे ऑप्टिक नर्व्हचं. तिच्यात दहा लाखांहून जास्त तंतू असतात, आणि डोळ्याच्या मागून निघून ती खोबणीच्या टोकाशी असलेल्या स्वतःच्या बोगद्यातून मेंदूकडे जाते. डोळा फिरवण्याचं काम तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या जोडीचं. दातांचा संबंध पाचवीशी, म्हणजे ट्रायजेमिनलशी. कवटीच्या तळावर, आतल्या बाजूला तिची एक गाठ आहे आणि तिथून तीन फाटे फुटतात. वरचा फाटा कपाळाचा आणि वरच्या पापणीचा. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची स्पर्शजाणीवही त्याच्याकडेच. खालचा फाटा खालच्या जबड्याचा. मधला मॅक्झिलरी, आपल्या मेसेजमधला आरोपी. त्याचं काम फक्त जाणीव पोचवण्याचं: स्पर्श, दुखणं, थंड, गरम. एकही स्नायू तो हलवत नाही आणि उजेडाशी त्याचा काही संबंध नाही.

माझ्या टेबलावर प्लास्टिकची एक कवटी असते. नातवाला खराट्याची काडी दिली आणि म्हटलं, घाल या गोल छिद्रातून. फोरामेन रोटंडम त्याचं नाव. मॅक्झिलरी नर्व्ह इथून बाहेर पडते आणि वरच्या जबड्याच्या मागच्या चिंचोळ्या खळग्यात येते. तिथे तिची वाटणी होते. काही फांद्या टाळूला आणि नाकाच्या आत जातात, एक गालाच्या हाडाकडे, एक जबड्याच्या मागच्या भिंतीतून दाढांकडे. उरलेला मुख्य धागा पुढे सरकून खोबणीच्या तळातल्या पन्हळीत शिरतो. ती पन्हळ पुढे बंद होऊन नळी बनते. त्या वाटेवर तो पुढच्या दातांसाठी, आणि बऱ्याच जणांत उपदाढांसाठीही, बारीक फांद्या खाली सोडतो आणि खोबणीच्या खालच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटर खाली गालावर बाहेर येतो. तिथून खालची पापणी, नाकाची बाजू, वरचा ओठ. आरशासमोर उभं राहून तिथे बोटाने दाबून पाहा, जरा चमक येते.

आता दुसरी काडी ऑप्टिक नर्व्हच्या भोकात. दोन्ही काड्या वेगळ्या वाटांनी जातात, कुठे एकमेकींना मिळत नाहीत. नातवाने दोनदा काढून घालून पाहिल्या.

मेसेजमध्ये खऱ्याचा कण आहे तो एवढाच: दातांची नस काही अंतर डोळ्याच्या अगदी खालून जाते. नाशकात मुंबई नाक्याहून द्वारका चौकाकडे उड्डाणपुलाखालच्या रस्त्याने गेलात, तर वर आग्रा हायवे धावत असतो. खालचा रस्ता खणला म्हणून पुलावरची गाडी बंद पडत नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर एक उसनवारी आहे. अश्रुग्रंथीला पाणी सोडायचा हुकूम सातव्या जोडीतून निघतो, पण वाटेत काही अंतर मॅक्झिलरीच्या गालाकडच्या फांदीवर बसून जातो. म्हणजे नातं आहे ते आसवांचं, तेही दाताच्या मुळापासून लांब.

आणि दाढ उपटताना तुटतं काय? मुळाच्या टोकातून आत शिरणारे केसाएवढे तंतू, फक्त त्या एका दाताचे. द्राक्षाच्या घडातला एक मणी खुडावा तसं. रूट कॅनालमध्येही तेच काढतात आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. याच्या किती तरी पुढचं उदाहरण देतो. चेहऱ्याच्या एका भयंकर दुखण्यात, ज्याच्याकडे मी खाली येणार आहे, सर्जन कधी कधी गालावर बाहेर येणारी ही नस मुद्दाम कापतात. गाल आणि ओठ बधिर होतो, नजर जिथल्या तिथे. तंबाखूच्या कॅन्सरमध्ये अर्धा वरचा जबडा काढलेल्या अनेकांचा त्या बाजूचा डोळा शाबूत असतो. आणि तारा लावण्यासाठी वरच्या दोन उपदाढा काढलेली मुलंमुली बघायची असतील तर कॉलेज रोडला संध्याकाळी चक्कर मारा, सगळी मोबाइलवरचं बारीक अक्षर वाचत उभी असतात.

इंजेक्शनचा मुद्दा. डोळ्याखालची कातडी बधिर झाली म्हणजे औषध योग्य नसेपाशी पोचलं. वर सांगितलेली शेवटची फांदी खालच्या पापणीपर्यंत जाते, मग ती बधिर होणारच. आपण वापरतो ते दोन टक्के लिग्नोकेन काही तासांत उतरतं. क्वचित असंही होतं, की औषध त्या मागच्या खळग्यातून खोबणीत झिरपतं किंवा रक्तवाहिनीत जातं, आणि पेशंटला थोडा वेळ एकाच्या दोन वस्तू दिसतात किंवा पापणी जड होते. बहुतेक वेळा भूल उतरली की तेही जातं. कायमच्या इजेच्या तुरळक नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, त्या लपवायचं कारण नाही. म्हणूनच औषध सोडण्याआधी पिस्टन मागे ओढून सिरिंजमध्ये रक्त येत नाही ना, हे पाहायचं असतं. पण हा धोका सुईतल्या औषधाचा आहे. दाढेच्या मुळाला डोळा बांधलेला आहे म्हणून नाही.

वरच्या दाढेची खरी शेजारीण म्हणजे सायनस, गालाच्या आतली, नाकात उघडणारी हवेची पोकळी. मोठ्या दाढांची मुळं सायनसच्या तळाला टेकलेली असतात. दाढ निघताना मधला पातळ पापुद्रा फाटला तर चूळ भरताना पाणी नाकातून येतं. दाढ काढल्यावर नाक शिंकरू नका, स्ट्रॉने पिऊ नका, असं आम्ही बजावतो ते यासाठी. गंमत म्हणजे हा खरा धोका त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

सुळ्याकडे येऊ. इंग्रजीतही त्याला ‘आय टूथ’ म्हणतात, म्हणजे गैरसमज एकट्या आपला नाही. सुळ्याचं मूळ सगळ्या दातांत लांब आणि तो डोळ्याच्या सरळ रेषेत खाली, एवढंच ते नातं. मात्र किडलेला सुळा तोंडात तसाच ठेवला तर काय होतं ते ऐका. पू मुळाच्या टोकातून बाहेर येऊन नाकाच्या बाजूला साठतो आणि सकाळी उठून पाहावं तर खालची पापणी सुजून डोळा मिटलेला. तिथल्या शिरेतलं रक्त उलटं वाहून डोळ्यामागच्या शिरांतून मेंदूच्या तळाशी असलेल्या कॅव्हर्नस सायनसपर्यंत (हा सायनस हवेचा नव्हे, रक्ताचा) जाऊ शकतं. जंतू तिथे पोचले आणि गुठळी झाली तर नजरच काय, जीवही जाऊ शकतो. प्रतिजैविकांमुळे हे आता विरळ झालंय. पण डोळ्याला धोका कोणापासून? काढलेल्या दातापासून नव्हे, न काढलेल्या दातापासून.

‘डोळा काढावा लागला’ हे वाक्य मात्र मी हसण्यावारी नेत नाही, कारण तशी माणसं मी पाहिली आहेत. २०२१ चा उन्हाळा, कोविडची दुसरी लाट. शुगर वाढलेली, स्टेरॉइड झालेली माणसं आमच्याकडे यायची आणि म्हणायची, वरचे तीन-चार दात एकदम हलायला लागले. हिरडीतून पू, टाळूला काळा चट्टा. काहींचा गाल आधीच बधिर. ही मॅक्झिलरीचीच शेवटची फांदी, बुरशीने वेढलेली. म्युकरमायकोसिस. ही बुरशी नाकातून सायनसमध्ये शिरते, तिथून खाली टाळू आणि दातांकडे, वर डोळ्याच्या खोबणीकडे. आधी दात हलले म्हणून कुणी ते काढून घेतले, आठवड्याने डोळा सुजला, मग जीव वाचवायला डोळा काढावा लागला. घरच्यांनी जे पाहिलं ते अगदी खरं होतं: आधी दात गेला, मग डोळा. फक्त दोघांना नेणारी बुरशी त्यांना दिसली नव्हती. त्या घरांत हा मेसेज आला की मी वाद घालत नाही, शेजारी बसून कवटी दाखवतो.

तोंड वाकडं होणं हे सातव्या जोडीचं काम, चेहऱ्याचे स्नायू तीच हलवते. खालच्या दाढेची भूल चुकून कानाजवळच्या लाळग्रंथीत गेली तर एका बाजूचा चेहरा काही तास लुळा पडतो आणि मग पूर्ववत होतो. वरच्या दाढेचा इथे काही संबंध नाही.

लवंगेच्या तेलाने तासभर बरं वाटतं, कारण त्यातलं युजेनॉल नस बधिर करतं. कीड आपलं काम चालूच ठेवते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. ती हिरडीला लावायचा सल्ला देणाऱ्याने तंबाखूच्या पेशंटचा वॉर्ड एकदा पाहून यावा. आणि ‘आपोआप गळून पडेल’ हे खरं आहे. आजूबाजूचं हाड खाल्लं गेलं की पडते.

मेसेजने सांगितलं नाही असं दात न काढण्याचं एक खरं कारण आहे, आणि ते याच नसेचं आहे. तोंड धुताना, दात घासताना, निफाडकडे पारा चार-पाच अंशांवर उतरतो तेव्हा सकाळच्या वाऱ्याची झुळूक लागली तरी वरच्या ओठात, दाढेत विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते. काही सेकंदांत थांबते, परत येते. बहुधा पन्नाशीपुढचा माणूस, त्यातही बायका जास्त. हा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. पेशंट शपथेवर सांगतो की दाढच दुखतेय, आणि घाईत ती काढली जाते. कळ तशीच. मग शेजारची काढली जाते. तीन चांगल्या दाढा गमावून माझ्याकडे आलेल्या एका बाईंचा एक्स-रे अजून आठवतो. एकातही कीड नव्हती. त्यांना कार्बामाझेपिनच्या गोळ्या सुरू केल्या आणि पुढे मेंदूविकार तज्ज्ञांकडे पाठवलं. तसंच सायनस भरला की वरच्या दाढा सगळ्याच एकदम ठणकतात, कारण सायनसच्या अस्तराला आणि दाढांना जाणीव पुरवणाऱ्या फांद्या त्याच. खाली वाकल्यावर ठणका वाढला तर तसं डॉक्टरांना सांगा.

राहिला चष्मा. चाळिशी लागली की जवळचं अंधूक होतं, साठीत मोतीबिंदू धरतो, आणि दाढा निघायचं वयही तेच. दाढेची तारीख लक्षात राहते, कारण त्या दिवशी रक्त आलं, पैसे गेले. नजर कधी कमी व्हायला लागली त्याची तारीख नसते. म्हणून मी आता एक नेम ठेवलाय. वयस्कर पेशंटची वरची दाढ काढायची असेल तर आधी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावायचं, एकेक डोळा झाकून.

आजींना उजवा डोळा झाकायला सांगितला आणि विचारलं, आज तारीख काय ते वाचा बरं.

“कुठं आहे तारीख?” आजी म्हणाल्या.

नातू माझ्याकडे बघायला लागला. मी अजून हातमोजेही घातले नव्हते.