‘नायट्रिकमध्ये टाका, उद्या रिपोर्ट घ्या’: हाडाच्या डिकॅलचा फिरता नुस्खा

हिस्टोपॅथ (टिशू तपासणाऱ्या) लॅबवाल्यांमध्ये डिकॅलबद्दल, म्हणजे हाडाचे पातळ सेक्शन कापता यावेत म्हणून त्यातलं कॅल्शियम काढण्याबद्दल, एक मेसेज फिरतोय: ‘हाड कितीही मोठं असो, कडक नायट्रिकमध्ये घालून ६० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा. सुई आरपार गेली की काढा, रात्रीच प्रोसेसरला लावा. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट.’ (प्रोसेसर म्हणजे टिशूतलं पाणी काढून त्यात मेण भरणारं यंत्र.) घाई सगळ्यांनाच असते, पण यातलं एकही वाक्य धड टिकत नाही.

‘कितीही मोठं’? खुब्याच्या ऑपरेशनमधून आलेला फेमरचा गोळा अख्खाच बुडवला, तर कडा ॲसिड खाऊन बाद होतात आणि आतला भाग टणकच राहतो. आधी करवतीने ३ ते ५ मिलिमीटरचे काप पाडा, ते फॉर्मलिनमध्ये पुरते फिक्स (टिशू कुजू नये म्हणून पक्के) होऊ द्या. फिक्स न झालेल्या टिशूची ॲसिडात जास्त नासाडी होते. मेसेजात फॉर्मलिनचं नावसुद्धा नाही!

खरा घोळ नायट्रिकचा. कॅल्शियम झटपट निघतं, हे मान्य. पण ५ टक्क्यांच्या नायट्रिकमध्येही काप गरजेपेक्षा जास्त राहिला, की न्यूक्लियस हिमॅटॉक्सिलिन (त्यांना निळं करणारा रंग) धरत नाहीत. स्लाइडभर नुसतं इओसिन या दुसऱ्या रंगाचं गुलाबी. स्तनाचा कॅन्सर हाडात पसरला असेल, तर पुढे ईआर, हर-टू (उपचार ठरवायला लागणाऱ्या गाठीच्या तपासण्या), कधी जनुकीय तपासण्याही लागतात, आणि कडक ॲसिडात डीएनएचे तुकडे झालेले असतात. ईआर निगेटिव्ह आलं, तर ते गाठीमुळे की ॲसिडमुळे, कोण सांगणार? अशा केसमधला एक काप वेगळा काढून ईडीटीएमध्ये (कॅल्शियम हळूहळू काढणारं सौम्य रसायन) ठेवावा, भले आठवडे लागोत. बाकीच्यांना ५ ते १० टक्के फॉर्मिक ॲसिड पुरे. मोठ्या हाडासाठी मी नायट्रिकची बाटली उघडतच नाही.

ओव्हनमध्ये, ॲसिडात, ६० अंशांवर टिशू फुगतो आणि विरघळायला लागतो. वेग हवा तर द्रावण कापाच्या किमान २० पट घ्या, रोज बदला, आणि काप तळाला न ठेवता मध्यावर टांगा.

सुई टोचली तिथलंच सांगते, वर स्लाइडमध्ये भोक ठेवून जाते. एक्स-रे सर्वांत भरवशाचा. तो नसेल तर हाड काही तास बुडालेलं ५ मिली ॲसिड घ्या, अमोनियाने न्यूट्रल करा, तेवढंच अमोनियम ऑक्झलेटचं संपृक्त द्रावण घाला. गढूळ झालं, तर कॅल्शियम अजून निघतंय.

राहिला प्रोसेसर. नेहमीच्या रात्रभराच्या प्रोग्रॅममध्ये जाड, चरबीदार कापाच्या मधोमध अल्कोहोल-झायलिन पोचत नाही, मग मेणही जात नाही आणि सेक्शन नेमका तिथेच फाटतो. मोठ्या कापांना लांब प्रोग्रॅम लावा, आणि त्याआधी वाहत्या पाण्यात ॲसिड धुऊन काढा, नाहीतर ते पहिल्याच अल्कोहोलात उतरतं.